एकटीसाठी एवढं कोण करणार

३ मार्च

शी! ऑफिसातल्या बंद संडासाचं दार उघडलं एकदाचं. बाहेर दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र, ठसठशीत निळं — आमच्याच कंपनीचा रंग, दोन हात मारलेला. आत काय? वाळून दगड झालेले रंगाचे डबे, बंद पडलेला कूलर, संमेलनाचे पडदे. कमोडवर जुन्या शेडकार्डांचा ढीग. धरून उठायच्या दांडीवर पोछे वाळत घातलेले! माझी खुर्ची दारातून पुढे सरकेना.

शिपाईमामा ओशाळले. "ताई, स्टोअर म्हणूनच वापरायचं असं सांगितलंय मला. मी उघडून दाखवलं म्हणून कुठे बोलू नका."

आणि मी इतकी वर्षं समजत होते की किल्ली हरवलीय. मला तसंच सांगितलं होतं.

५ मार्च

पुन्हा ताप, पुन्हा तेच इन्फेक्शन. डॉक्टरीणबाई चिडल्या. "दिवसभरात पाणी किती पिता?" सकाळी अर्धा कप चहा. मग संध्याकाळी घरी आल्यावर. मधे थेंब नाही. "का?" का म्हणजे? जायचं कुठे? ऑफिसातली बाकी सगळी संडासं वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "असंच चाललं तर किडन्या हातच्या जातील."

आईला नुसता ताप सांगितला.

६ मार्च

हसऱ्या साहेबांकडे गेले. कर्मचारी विभागाचे प्रमुख. तोंडावर हसू कायमचं चिकटवलेलं, म्हणून हे नाव मीच ठेवलंय.

"अहो, जागेची किती अडचण आहे, बघताय ना? एकटीसाठी एवढं कोण करणार? त्यापेक्षा घरून काम करा की! तुमच्या तब्येतीची आम्हालाही काळजी आहे."

घरून! मी शेड जुळवते. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा आणतं, फुटकी फरशी आणतं, मी रंगात रंग मिसळून नेमका तोच काढून देते. खिडकीच्या उजेडात ओला बघायचा, सुकला की परत बघायचा. हे घरून कसं होणार? म्हणजे माझं टेबल दुसऱ्याला, आणि मला घरी बसून फोन उचलायचं काम. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

एवढ्या बोलण्यात साहेब दोनदा उठून गेले. साखर आहे त्यांना. गुडघ्यावर हात टेकत जिना चढतात. पण चढतात तरी!

९ मार्च

आई बाजारात गेलेली असताना मावशी आली. वकील आहे, त्यामुळे माझं रडणं तिने अर्ध्यात तोडलं. "सोय करून न देणं हाच भेदभाव. कायद्यात सरळ लिहिलंय. आणि सोय द्यायला नको म्हणून तुला टेबलावरून हलवणं, तोही. उपकार नाही मागत आहेस तू. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दे."

दादाने मोडता घातलाच. "आहे ती नोकरी सांभाळ. उगाच वाकड्यात शिरू नकोस."

वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही उद्या दिवसभर पाणी न पिता, जागेवरून न उठता बसून दाखवा." वहिनी, तुला सोन्याने मढवायला पाहिजे!

११ मार्च

तक्रार अधिकारी कोण असावेत? हसरे साहेब! साहेबांची तक्रार साहेबांकडेच. वाचली, हसले, म्हणाले, "पोचली हं." त्या 'हं'ची किळस येते मला.

१७ मार्च

हिशेबवाल्या बाई रोज माझ्याबरोबर डबा खातात. आज आवाज खाली आणून म्हणाल्या, "कशाला गं चव्हाट्यावर आणतेस? असल्या गोष्टी झाकून ठेवायच्या असतात." म्हणजे आख्ख्या ऑफिसात माझ्या लघवीची चर्चा, आणि लाज वाटायची ती मला! डबा तसाच बंद केला.

१८ मार्च

माझ्या टेबलाशी एका नव्या माणसाला आणून बसवलं. "यांना तुमचं काम शिकवा." कळलं.

मावशीला फोन केला. म्हटलं, कर वर तक्रार. दिव्यांग आयुक्तांकडे कर.

२ एप्रिल

उद्या आयुक्तांकडून तपासणीला बाई येणार. म्हणून आज स्टोअरचं संडास झालं! डबे हलले, पडदे हलले, फिनेल ओतलं, लिंबाच्या वासाचा फवारा मारला. कोपऱ्यात चक्क कुंडी. मग मला दाराशी नेऊन उभं केलं — म्हणजे माझी खुर्ची. फोटोसाठी. "हसा जरा!" मी हसले नाही. जत्रेतलं अस्वल तरी बरं, त्याला हस म्हणत नाहीत.

३ एप्रिल

सकाळीच बाटलीभर पाणी प्यायले. मुद्दाम. भीती वाटत होती, पण प्यायले.

हसरे साहेब तपासणीच्या बाईंना सांगत होते, "ही सोय आमच्याकडे पहिल्यापासून आहे." मी म्हटलं, "बरं झालं. मला आत्ताच जायचंय." आणि गेले. या ऑफिसात पहिल्यांदा!

मग फ्लश ओढला. नुसती हवा. नळ सोडला. तीच हवा. नळाला पाणीच जोडलेलं नाही — फोटो काढला, कुंडी ठेवली, पाणी नाही! आतलं कोणी बघू नये असं वाटत होतं. लाजेने कान तापले. तरी दार उघडलं आणि म्हटलं, "या. बघा."

बाई आत आल्या, वाकून टाकीमागचा सुटा पाइप बघितला. साहेब म्हणाले, "कालच बिघडलंय." तेव्हा शिपाईमामा कोणी न विचारता बोलले, "नाही बाई. कालपर्यंत हे स्टोअर होतं."

साहेबांचं हसू गळून पडलं. खालचा चेहरा अगदीच सामान्य निघाला.

२१ एप्रिल

आदेश आला. पाणी जोडायचं, दाराला कुलूप लावायचं नाही, मला शेडच्या टेबलावरून हलवायचं नाही. आणि मामांनाही त्रास द्यायचा नाही, हे मावशीने आवर्जून घालून घेतलं. आईला आज सगळं सांगितलं. ती खूप रडली, मग मोठा तांब्या भरून पुढ्यात ठेवला.

५ मे

दुपारी आत होते. दारावर टकटक. पुन्हा टकटक. "कोण आहे आत? आटपा हो जरा! शुगर आहे मला, जिना चढेपर्यंत थांबवत नाही हो!" — हसरे साहेब!

त्यांच्यामागून हिशेबवाल्या बाई, "साहेब, माझा नंबर आधी आहे. गुडघे गेलेत माझे."

थांबवत नाही म्हणे!

"थांबा," म्हटलं, आणि साबण लावून सावकाश हात धुतले.