न पडलेल्या टाचण्या

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला आता नीट आठवत नाही, पण तुमची खडू धरायची पद्धत आठवते. तुकडा अगदी संपेपर्यंत तुम्ही लिहीत राहायच्या आणि शेवटी फळ्यावर तुमचं नखच घासलं जायचं. तो आवाज अजून येतो. पुस्तक उघडून बसले आणि एखादं वाक्य पुन्हा पुन्हा वाचूनही कळलं नाही, की पाठीमागे कुणीतरी उभं आहे आणि नख घासलं गेलं असं वाटतं. मी वळून पाहत नाही. तुम्ही असाल तर असू द्या, असं म्हणते आणि परत पहिल्या शब्दापासून वाचायला लागते.

मी काय वाचते ते कळलं तर तुम्ही हसाल. या वयात मी वीज आणि चुंबकत्व शिकते आहे. वाचनाची सवय मला यजमान गेल्यावर लागली. ग्रामपंचायतीच्या वाचनालयातलं जे हाताला लागेल ते वाचत गेले. पण विज्ञानाच्या पुस्तकाला हात लावायचं धाडस नव्हतं. ते का करावं लागलं ते सांगण्यासाठी तुम्ही गेल्यानंतरची एक गोष्ट सांगावी लागेल.

माझे यजमान शेतातल्या विहिरीवर विजेच्या धक्क्यानं गेले. दुपारची वेळ होती. लाईन गेली होती म्हणून मोटर बंद पडली होती. मोटरची एक वायर सैल झाली होती, ती आवळायला ते बसले. तेवढ्यात लाईन आली. शेजारच्या वावरातून कुणीतरी खुशीत ओरडलं, "आली रे, लाईन आली!" मी भाकरी घेऊन धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, येत होते. ते ओरडणं ऐकून मलाही बरं वाटलं, बाई. चला, आता पाणी सुरू होईल, असं मनात आलं. आजही गावात लाईन आली की पोरं ओरडतात, पंखे फिरायला लागतात, घरातला फ्रीज गुरगुरतो, आणि मी हातातलं काम तसंच धरून उभी राहते.

आता स्टार्टरचं, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या पेटीचं सांगते. त्या पेटीत तारेचं वेटोळं असतं. हिरवं बटण दाबलं की वेटोळ्याचं चुंबक होतं, ते लोखंडी पट्ट्या ओढून धरतं आणि मोटर चालते. लाईन गेली की चुंबक सुटतं, पट्ट्या खट्दिशी पडतात. मग लाईन परत आली तरी मोटरमध्ये वीज जात नाही, कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. पण लाईन कधी येईल याचा नेम नसला तर माणूस किती वेळ वावरात बसून राहणार? म्हणून आमच्या शिवारात सगळेच हिरव्या बटणाच्या फटीत तुराटीचा, तुरीच्या वाळक्या काडीचा, तुकडा खोचून ठेवायचे. बटण दाबलेलंच राहायचं. लाईन आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरी असो की कुणाच्या लग्नात. आमचे हे मात्र म्हणायचे, "मी नाही लावत. मले जिवाची पर्वा हाये."

त्या दिवशी लोक धावले, कुणी बांबूनं फ्यूज उडवले, गर्दीत स्टार्टरची पेटी उघडी पडली. पेटीच्या खाली तुराटीचा एक तुकडा होता. दिरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "खोचेलच असन. नाहीतर मोटरीत करंट येते कसा?" तेव्हापासून गावात तेच ठरलं, त्यानं स्वतःच्या हातानं केलं. माझा लेक तेव्हा प्राथमिक शाळेत होता. तो हेच ऐकत मोठा झाला. पण बाई, ते तूर काढणीचे दिवस होते. वावरात तुराटीचे तुकडे कुठं नव्हते? माझ्या लुगड्यालाही लागलेले होते.

दिरांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे खूप दिवस नव्हतं. मग एकदा पापड वाळत घालताना अचानक तुमचा वर्ग आठवला.

तुम्ही टेबलाच्या वर खिळा धरला आहे. त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, तारेची टोकं सेलला. खिळ्याला टाचण्यांचा झुपका लोंबतो आहे. तुम्ही तार सोडता. टाचण्या खाली पडतात, मात्र दोन टाचण्या पडत नाहीत. तुम्ही खिळा हलवता, तरी त्या चिकटूनच. घंटा होते. घरी जाऊन मी प्रयोगवहीत गाईडमधलं वाक्य उतरवते की विद्युतप्रवाह बंद करताच सर्व टाचण्या गळून पडतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या वाक्यावर लाल रेघ मारली आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणालात, "दोन टाचण्या तुले दिसल्या नव्हत्या काय?" मी म्हटलं, दिसल्या होत्या. "मंग तुले दिसलं ते लिह्य ना. गाईडले दिसलं ते तू काऊन लिहतं?" एरवी शिकवताना तुम्ही पुस्तकासारखं बोलायच्या. रागावल्या की आमच्यासारखं बोलायच्या. म्हणून तो राग खरा वाटायचा.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या खोलीवर आले. तुम्ही भाकरी थापत होत्या. पिठाच्या डब्यांच्या फळीवरच तुमची पुस्तकं होती, त्यांनाही पीठ लागलेलं. त्या दोन का राहिल्या, असं मी विचारलं. तुम्ही लाटण्यावर दोरा गुंडाळून दाखवलात, पिठाची मूठ वळली, अंगठा वर केला. बोटं वळतील तशी वीज, अंगठा जाईल तिकडं चुंबकाचं उत्तर टोक. मग म्हणालात, मऊ लोखंड लवकर सोडतं, कडक पोलाद थोडं धरून ठेवतं. खिळा कडक होता. "आणखी पाह्यजे असन तर पुढच्या वर्गात ये." पुढचा वर्ग झाला नाही. दहावीनंतर माझं लग्न ठरलं. तुम्ही मला भांडं दिलं नाही की साडी दिली नाही, पितळी डबीतलं छोटं होकायंत्र दिलंत. सासरी सगळ्यांना ती चुन्याची डबी वाटली. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही आठवडी बाजारात, भाजी घेताना.

तर पापड वाळत घालताना माझ्या मनात आलं की तुराटी नसलीच तर? लाईन गेली, पण स्टार्टरच्या लोखंडात थोडं चुंबक शिल्लक राहिलं आणि त्यानं पट्ट्या सोडल्याच नाहीत, असं होऊ शकतं का? झालं असेल तर यजमान खोटं बोलत नव्हते. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते विचारायला तुम्ही नव्हत्या.

म्हणून पुस्तक शोधायला मेहकरला गेले. स्टँडजवळ जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. दुकानदारानं विचारलं, कोणत्या वर्गाचं? मी म्हटलं, वर्गाचं नाही, विजेचं आणि चुंबकाचं पाहिजे. "नातीले काय?" म्हटलं, मले. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काऊन मावशी, मीटर लय पळून राह्यलं काय?" मीही हसले. मग त्यानं एक वीट माझ्यासमोर टाकली. डॉक्टर-इंजिनीअरच्या परीक्षेचं इंग्रजी पुस्तक, सगळी पोरं हेच नेतात म्हणाला. पानभर आकडे आणि चार चार पर्याय. लोखंड कुठंच नाही. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं, पण खरी अडचण ती नव्हती. ज्याला सगळं आधीच शिकवून झालं आहे त्याचा वेग वाढवण्यासाठी ते पुस्तक होतं. मला वेग नको होता.

पुस्तक चांगलं की वाईट हे मला कसं कळणार, असं तुम्ही विचाराल. मी एकच पारख ठरवली. ज्या पुस्तकात त्या दोन टाचण्या पडत नाहीत ते घ्यायचं. आपल्याला जे डोळ्यांनी दिसलेलं आहे ते पुस्तक खरं सांगत असेल, तर न दिसलेल्याबाबत त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. गाईड उघडलं. इतक्या वर्षांनी, नवीन मुखपृष्ठ, आणि आत तेच वाक्य, सर्व टाचण्या गळून पडतात. मला एकदम तुमची लाल रेघ दिसली. दहावीचं सरकारी पुस्तक मात्र घेतलं. त्यात टाचण्यांचं काही नाही, पण चित्रं नेटकी आहेत, एका पानावर एकच गोष्ट सांगतं आणि न येणाऱ्याला लाजवत नाही. सुरुवात त्यानंच केली. वायरमनच्या अभ्यासक्रमाचं एक पुस्तक मिळालं. त्यात स्टार्टर चिरून दाखवल्यासारखं काढलेलं होतं, प्रत्येक भागाला नाव. कसं ते सगळं होतं, का ते नव्हतं. 'का' सापडलं तळाशी पडलेल्या कॉलेजच्या जुन्या मराठी पुस्तकात. वाळवीनं कडा खाल्लेल्या. दुकानदार म्हणाला, हे कोणी नेत नाही, आता सगळं इंग्रजीत असतं. त्यात मला 'अवशिष्ट चुंबकत्व' हा शब्द सापडला. प्रवाह बंद केल्यावरही लोखंडात जे उरतं ते. मी दुकानातच उभ्यानं ते पान वाचलं. या पुस्तकात टाचण्या पडल्या नव्हत्या, बाई.

लेकानं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले. शिकवणारा पोरगा हुशार आहे, थांब म्हटलं की थांबतो, मागे जा म्हटलं की मागे जातो. पण मी कुठं चुकले ते त्याला दिसत नाही. वाचून झाल्यावर उजळणीला तो बरा, त्याच्यापासून सुरुवात केली असती तर सगळं कळलं असं वाटून उठले असते. खरं शिकवलं ते तुमच्या होकायंत्रानं. स्वयंपाकाच्या ओट्यावर सेल, तार आणि ती डबी. तार जोडली की काटा वळतो, सोडली की परत येतो. दुपारभर मी तेवढंच केलं. काटा थरथरत परत यायचा तेव्हा ओट्यापलीकडे पीठ लागलेली मूठ वळते आहे असं वाटायचं, आणि मी ती पाहायची नाही म्हणून काट्याकडेच पाहत बसायची.

मग या वर्षी सोलर पंप मंजूर झाला. लेक म्हणाला, "आई, ते जुनं स्टार्टर काऊन ठेवतं? भंगारवाल्याले देऊन टाकू." इतकी वर्षं ते विहिरीच्या खोपीत तसंच होतं. यजमान गेल्यावर लगेच नवीन मोटर लागली तेव्हा स्टार्टरही नवीन लागलं होतं, जुन्याला पुन्हा कुणी हात लावला नव्हता. पुस्तकानं मला 'होऊ शकतं' एवढं सांगितलं होतं. झालं का, हे ती पेटीच सांगणार होती आणि ती आता जाणार होती.

कनेक्शन बदलायला वायरमन आला, त्याला मी सांगितलं की आधी हे जुनं जोडून दाखव. "काकू, आयटीआयला नाव टाकलं काय?" म्हणाला, पण जोडलं. लेक बाजारात गेलेला होता. फ्यूज बसवले, बटण दाबलं, पट्ट्या ओढल्या गेल्या. मी म्हटलं, फ्यूज काढ. खट्. पट्ट्या पडल्या. परत लाव म्हटलं. खट्. तो कंटाळेपर्यंत मी त्याला ते करायला लावलं, कारण पुस्तकात लिहिलं होतं की उरलेलं चुंबक दर वेळी सारखं नसतं. दर वेळी खट्. एकदाही चुकलं नाही. शेवटी मी पदराला लावून नेलेल्या दोन टाचण्या काढल्या, वीज पूर्ण बंद आहे हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि वेटोळ्यातल्या लोखंडाला लावल्या. एक पडली. एक राहिली.

तर उरतं, बाई. एक टाचणी धरण्याइतकं उरतं. पट्ट्या धरण्याइतकं नाही. मी पट्ट्यांमागची स्प्रिंग पाहिली. ती गंजून अर्धी झाली होती, तरी पट्ट्या फेकत होती. त्या दिवशी ती चांगली होती. मग वायरमननं हिरवं बटण पुसलं. त्याच्या एका कडेला खाच होती, नखानं लागेल एवढी. तुराटीनं एका दिवसात पडत नाही, रोज खोचून खोचून पडते तशी.

धुऱ्यावरून घरी येताना मी यजमानांशी भांडले. मोठ्यानं. जिवाची पर्वा हाये म्हणत होते ना, कुठं गेली ती? मी तिथंच राहिले ना, भाकरी घेऊन? बाजूच्या वावरातली बाई उभी राहून पाहत होती. इतकी वर्षं मी त्यांच्या बाजूनं बोलत आले, त्यांच्यावर रागवायचं राहूनच गेलं होतं. घरी आले तेव्हा गावात लाईन आली होती, पोरं ओरडत होती, आणि मी चप्पल काढून सरळ आत गेले.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. कॉलेजच्या पुस्तकात, त्या पानाशी राहील. स्टार्टर दुसऱ्या दिवशी भंगारवाला घेऊन गेला. पण पेटी तपासली त्याच संध्याकाळी लेक वायरमनकडून ऐकून आला आणि चहा पिताना त्यानं विचारलं, काय निघालं? मी त्याला सांगितलं की लाईन गेली तरी लोखंडात थोडं चुंबक उरतं, मी लावलेली टाचणी चिकटून राहिली. त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजे बाबानं तुराटी नव्हती खोचली?" त्याचा चेहरा तेव्हा प्राथमिक शाळेतला झाला होता. मी म्हटलं, "चहा घे, थंडा होऊन राह्यला."

दिसलं तेच सांगितलं, बाई. दिसलेलं सगळं नाही सांगितलं.