मात होईपर्यंत बसायचं

अल्लीपूर,
ता. ७ जानेवारी २०२५

चि. खुशीले,
आपल्याकडच्या रीतीनं भाची म्हणून आधी तुह्या पाया पडतो, अन् वयानं मोठा म्हणून मग अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू मले मोबाइलवर ब्लॉक केलं. डाकवाल्याले कशी ब्लॉक करशीन? म्हणून हे कागदाचं पत्र.

परवाच्या ऑनलाइन डावात तुह्याजवळ वजीर अन् हत्ती, माह्याजवळ एकटा राजा. मात द्यायची सोडून तू त्या राजाले असा कोंडला का त्याले हलाले घर नाई, अन् शहही नाई. डाव बरोबरीत सुटला. तर तू मले लिवलं का मामा चिकट आहे, रडका आहे, हरणारा माणूस केव्हाच डाव सोडून देते. वा गं बाई! रडलं कोण अन् रडका कोण?

आमच्या गावात डाव अर्धा टाकून उठला का जिंकणाऱ्याचा अपमान होते. मात होईपर्यंत बसायचं, ही रीत. तुले मात देताना पाहायचं होतं मले, म्हणून बसलो.

तुही आई म्हणे, महिनाअखेरच्या ऑनलाइन जिल्हा स्पर्धेतून तू नाव काढून राह्यली. काऊन? रंभा मामी तुरीच्या शेंगा खायले बलावते. रुसवा कर, पण माया पातळ करू नको.

तुहा मामा,
भैयाजी

हिंगणघाट,
ता. १० जानेवारी

ती. स्व. मामांना खुशीचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पाया पडून चिडवता, हे बरं नाही मामा! पण खरं सांगते, हातातला डाव गेला की माझं डोकंच फिरते. ज्यांनी हरवलं ते सगळे मी ब्लॉक केले. वर्गातली पौर्णिमापण. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, अन् मला करमत नाही. स्पर्धेत तीच समोर आली अन् परत हरले, तर वर्गात तोंड कसं दाखवू? मामीला नमस्कार. राग सोडून माया ठेवावी.

तुमची,
खुशी

अल्लीपूर,
ता. १५ जानेवारी

चि. खुशीले, पुन्हा पाया पडतो, पुन्हा आशीर्वाद.

वि. वि. हरणाऱ्याले कोणी गावाबाहेर काढत नाई, पोरी. पळणाऱ्याजवळ मात्र कोणी पट मांडत नाई. आधी पौर्णिमाले अनब्लॉक कर, मी थांबतो. स्पर्धेतून नाव काढू नको. हरली तं मात होईपर्यंत बसजो, अन् दोन चांगले शब्द लिवजो. तू पार पाडशीन, मले खात्री आहे.

तुहा चिकट मामा,
भैयाजी

हिंगणघाट,
ता. २७ जानेवारी

ती. स्व. मामांना शि. सा. नमस्कार.

वि. वि. खेळले. तिसऱ्या फेरीत पौर्णिमाच आली! शेवटी माझ्याकडे नुसता राजा. बोट सारखं डाव सोडायच्या बटणाकडे जायचं, पण बसले. वाटलं, तीपण माझ्यासारखी चुकेल. हुशार आहे मेली, नीट मात दिली.

मी लगेच तिला लिहिलं की ती छान खेळली. तिनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा! पण आज शाळेत तिनं बाकावर माझ्यासाठी जागा धरली होती.

काल डाव संपल्यावर मात्र फोन बाजूला ठेवला अन् न्हाणीत जाऊन पोटभर रडले. हे तुमच्या रीतीत बसते का, तेवढं कळवा.

तुमची रडकी भाची,
खुशी