रुद्राणीला कुणी इचारलं न्हाई

दानम्मानं सुनेला घेऊन सकाळची एसटी पकडण्याआधी लेकासाठी चिठ्ठी लिहिली आणि दुकानाच्या किल्लीखाली ठेवली.

केदार,

रुद्राणीला घेऊन अंबाजोगाईला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे चाललेय. तिच्या अंगावरून लई जातं, गाठी हायत, म्हणून परवाचे डॉक्टर म्हणले पिशवीच काढा, आणि तू हो म्हणून आलास. घाबरला असशील, मी रागावले न्हाई. पण तिला कुणी इचारलंच न्हाई. तवापासून पोरगी धड जेवली न्हाई.

काल या बाईंशी फोनवर बोलले. त्या म्हणल्या, "मावशी, बऱ्याचदा नुसत्या गाठी काढता येतात. पिशवी राहते, लेकरूही होऊ शकतं. आधी बघू द्या." ते ऐकून ती लई रडली. मग तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

माझी पिशवी काढली तवा मी चोवीस वर्षांची होते, तू रांगत होतास. मलाबी कुणी इचारलं न्हवतं. तुला बहीण कावून न्हाई, असं तू लहानपणी इचारायचास. त्याचं उत्तर आज देतेय.

धपाटे डब्यात हायत. खाऊन घे, दुकान बंद ठेव आणि ये. तिच्याजवळ बस. तिला काय वाटतं, ते तिच्याच तोंडून ऐक.

आई