दोनशे बारा पानं आणि एक दोरी

मी, वैभवी जयंत पोतनीस, वय वर्षे २९, सध्या मुक्काम लीड्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने, मागे कोणी उभं नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. प्रकृतीही उत्तम आहे, इतकी की पुढच्या महिन्यात मी सायकलवरून फ्रान्सला निघते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खरं तर याआधी कुठलाच फॉर्म मी शेवटपर्यंत भरलेला नाही.

मराठीत लिहिते कारण हे आधी आईनं वाचायचं आहे. युनिव्हर्सिटीच्या वकिलांना वाचायचं असेल तर त्यांनी वाचून देणारा माणूस शोधावा.

कलम १. मी हे न लिहिता गेले, तर इथल्या कायद्यानं माझं सगळं लंडनला, हॅरोत, आई-बाबांकडे जाईल. आई, रागावू नकोस, पण ‘प्राध्यापक’ हा शब्द ऐकला की तू खुर्चीतून उठतेस. तू फोनवर म्हणालीसच, “अगं, एवढी मोठी माणसं मागतायत तर देऊन टाक ना ते कागद. तुला काय कळतं त्यातलं?” म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आईला. तंबू, स्लीपिंग बॅग आणि सायकल (सायकल माझ्यासकट दरीत गेली नसेल तर) धाकटा भाऊ नकुल याला. त्यानं माझ्या पंचविशीला केकवर ‘अकरावा जॉब’ लिहून आणलं होतं. तो बारावा होता. पार्सलवाला मी सांगितलाच नव्हता, कारण तिथे मी चारच दिवस टिकले, त्यालाही कारण व्हॅनमधला कुत्रा, पण ते राहू दे.

कलम ३. मुख्य गोष्ट. माझ्याकडे प्राध्यापिका सोलांज कास्तेरा यांच्या हस्ताक्षरातली दोनशे बारा पानं आहेत. ती त्यांनी मला लेखी दिली आहेत. ती चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मादाम कोण, हे इथे लिहून ठेवते, कारण युनिव्हर्सिटीनं श्रद्धांजलीत चार ओळींत उरकलं. जन्म १९४६, उत्तर फ्रान्स, वडील कालव्यावर बोटींसाठी दरवाजे उघडणारे. एकोणिसाव्या वर्षी पॅरिस. विषय ग्रुप थिअरी. म्हणजे एकापाठोपाठ करता येतात आणि उलट करून परत आणता येतात अशा हालचालींचं शास्त्र. मला तरी त्यांनी असंच सांगितलं. त्यांचं पहिलं प्रमेय त्यांच्या गाईडनं स्वतःच्या पेपरात घातलं आणि खाली लिहिलं, ‘टायपिंगच्या मदतीबद्दल मादमोआझेल कास्तेरा यांचे आभार.’ त्यांना आयुष्यात टायपिंग आलं नाही. त्यांनी तो पेपर फ्रेम करून संडासात लावला होता आणि पाहुण्यांना मुद्दाम तिकडे पाठवायच्या.

१९७४ साली एका वर्षाच्या नोकरीवर लीड्सला आल्या त्या राहिल्याच. पूर्ण प्रोफेसरपद युनिव्हर्सिटीनं त्यांना तीनदा नाकारलं, चौथ्यांदा दिलं. तोपर्यंत अर्ध्या जगात त्यांची प्रमेयं शिकवली जात होती.

मी २०२१ मध्ये केअर एजन्सीकडून सहा आठवड्यांसाठी गेले आणि अडीच वर्षं राहिले. इतकी मी शाळेतही सलग टिकले नव्हते. त्यांची बोटं आखडली होती, म्हणून रोज सकाळी मी त्यांची वेणी घालायचे. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, “थांब. आत्ता काय केलंस?”

“उजवी बट मधल्या बटेवरून घेतली.”

“आणि हे सोडवायचं तर?”

“शेवटचा पेड आधी सोडायचा.”

“हेच काम मी पन्नास वर्षं करते आहे,” मादाम म्हणाल्या, “फक्त मला केस लागत नाहीत.”

वेण्यांचं असं गणित खरंच असतं. दोन वेण्या वेगळ्या दिसतात, पण बटा न कापता एकीची दुसरी करता येईल का, ते झटपट कसं ओळखायचं, यावर त्या शेवटची आठ वर्षं काम करत होत्या. लिहिलेलं पान त्या कधी फाडत नसत, आकडाही घालत नसत. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीच्या आठ ओळी होत्या. नवं पान झालं की मला हाक यायची, “वैभवी, चिमटा!” मग मादाम काठी टेकत येऊन जागा दाखवायच्या आणि मी तिथे ते लावायचे. कुठल्या दिशेनं लावतोय याकडे मी लक्ष देत नव्हते. बहुतेक वेळा चहा उतू जात असायचा.

कलम ४. माझा कबुलीजबाब. फेब्रुवारी २०२४ मध्ये मादाम गेल्या. डिपार्टमेंटला स्कॅन हवे होते. मी वाळलेले कपडे काढतात तशी पानं काढली, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे, आणि कोपऱ्यात पेन्सिलनं एकपासून आकडे घातले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: ‘मजकूर विस्कळीत आहे. उतारवयातील मानसिक ऱ्हासाची लक्षणे दिसतात.’ मी ते पत्र घेऊन पायरीवर बसले. मादाम जाण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत मला पत्त्यांत हरवत होत्या.

मग घर रिकामं करताना मी दोरीचं एक टोक सोडलं आणि ओढलं. पहिली ओळ आली, तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. आठ दोऱ्या नव्हत्याच. एकच दोरी हुकांतून वळत-वळत खाली गेली होती, नांगराचा फेरा वळतो तशी. म्हणजे पानांचा क्रम पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे, दुसरीत उजवीकडून डावीकडे, असा होता. दर दुसरी ओळ मी उलटी लावून पाठवली होती.

मी लगेच विभागप्रमुखांना फोन केला. ते सगळं ऐकून म्हणाले, “तुमचं गणिताचं शिक्षण कुठवर झालंय?”

“जीसीएसईलाच, सोळाव्या वर्षी सोडलं. मी त्यांची वेणी घालायचे.”

“आय सी,” ते म्हणाले. फाइल बंद झाली होती. आता त्यांना मूळ पानं संग्रहालयाच्या काचेत हवी आहेत, खाली पाटी: ‘अखेरच्या काळातील असंबद्ध टिपणे.’ काच त्यांनी पुसत बसावी. पानं मिळणार नाहीत.

कलम ५. सर्व पानं माझी शाळेतली मैत्रीण ईशिता प्रधान हिला द्यावीत. ती ग्लासगोला गणित शिकवते. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. योग्य क्रमानं तिनं पहिली त्रेसष्ट पानं वाचली आहेत. मी विचारलं, “बरोबर आहे का?” तर म्हणाली, “वैभे, मला अजून माहीत नाही. पण ही बाई काय बोलतेय ते तिला नीट माहीत आहे.” पुढचं माझ्या आवाक्याबाहेर आहे, असंही तिनं सांगितलं. जमेल त्यानं पुढे वाचावं. पहिल्यापासून ओळीनं वाचायला जो तयार असेल, त्याला ईशितानं घरी बसवून, चहा देऊन दाखवावं. ती पाटी लावू पाहणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं, मग तो कितीही मोठा प्राध्यापक असो. आई, ऐकते आहेस ना?

कलम ६. कोपऱ्यातले पेन्सिलचे आकडे कोणीही खोडू नयेत. ते माझे आहेत. शेजारी योग्य आकडा मी शाईनं घातला आहे आणि प्रत्येक पानावर सही केली आहे. दोनशे बारा सह्या, हात मोडून आला. ओळीनं वाचून कोणाला चूक सापडली, तर ती खुशाल मादामच्या नावावर छापावी. गणितात चुकण्याचा हक्क त्यांनी आयुष्य घालून कमावला आहे. पानं उलटसुलट लागली ती चूक वैभवी पोतनीसची, वय तेव्हा सत्तावीस. वयाला दोष द्यायचाच असेल तर त्या वयाला द्यावा.

वरील सहा कलमं मी पुन्हा वाचली. एकही शब्द मागे घेत नाही.

सही: वैभवी जयंत पोतनीस
लीड्स, १४ सप्टेंबर २०२५

आम्ही दोघे एकाच टेबलाशी हजर असताना वैभवीने वर सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही केली. यातलं आम्हाला काही मिळणार नाही, हे तिनं आधीच बजावलं आहे.

१. शशी मुरलीधर वैशंपायन, बस ड्रायव्हर, लीड्स
२. अपूर्व दिलीप कोरडे, नर्स, लीड्स