चौथ्या लीगचं अस्सल वेळापत्रक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेआठ.
अध्यक्षसाहेबांचा फोन. नवी व्यावसायिक फुटबॉल लीग निघतेय. आठ संघ, चौदा आठवडे. वेळापत्रक मी करायचं. मी विचारलं, माझं नाव कोणी सुचवलं? म्हणाले, कोणीच नाही, दुसरा कोणी तयार होईना. म्हणजे सुचवणाऱ्याचं नाव लपवतायत.

संकल्प: यावेळी कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. आधीच्या तिन्ही लीग बुडाल्या त्या माझ्या भोळेपणामुळे. पहिल्या लीगमध्ये पांढरा संघ एकाच रविवारी दोन मैदानांवर खेळणार असं छापून आलं. दुसऱ्या लीगच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानावर फुलांचं प्रदर्शन. गोलपोस्टसमोर गुलाबाच्या कुंड्या! तिसऱ्या लीगमध्ये हिरव्या संघाला सलग नऊ सामने बाहेरगावी. खेळाडूंच्या बायका बस अडवून उभ्या राहिल्या. तिन्ही वेळापत्रकं माझी. तिन्ही वेळा कोणीतरी मागाहून हात फिरवला. घातपात करणारा एकच असावा. अकरा वर्षं माझ्या मागावर आहे.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं. ही बाई तीस वर्षं इस्पितळात हेड नर्स होती, कशाचंच नवल वाटत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
ऑफिस पाहिलं. एका इमारतीचा दुसरा मजला, खाली टायरचं दुकान. तीन टेबलं, एक पंखा. मला खिडकीजवळचं टेबल दिलं. खिडकीतून समोरच्या गच्चीवरून माझा कागद स्पष्ट दिसेल. टेबल फिरवून घेतलं. आता पाठीमागून दिसतो.

सहकारी दोन. एक मार्केटिंगवाली, वय तीसच्या आत. पहिल्याच दिवशी मला काका म्हणाली. ओळख ना पाळख, एवढी गोडी कशाला? दुसरा कारकून. पूर्वी गोलकीपर होता, तिसऱ्या लीगमध्ये हिरव्या संघाकडून खेळला, मग खेळच सोडला. हात इतके लांब की जागेवर बसून माझा खण उघडू शकेल. माझ्याकडे बघत खुर्ची मागे ओढली. मग म्हणाला, ते नऊ सामने अजून आठवतात. धमकी असावी.

मार्केटिंगवालीने सुचवलं, वेळापत्रक कॉम्प्युटरवर करू या का? मी हसलो. कॉम्प्युटर म्हणजे चारचौघांत डायरी वाचणं.

९ फेब्रुवारी, रविवार.
आलेखाच्या कागदावर काम सुरू. माझी स्वतःची पद्धत आहे, कोणाला सांगत नाही. इथेही लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
खणातली पेन्सिल उत्तर-दक्षिण ठेवून गेलो होतो. आज पूर्व-पश्चिम.

विचारलं. दोघांनी कानावर हात ठेवले. गोलकीपर म्हणाला, खण जोरात ओढला की पेन्सिल घरंगळते. उत्तर फारच तयार होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
नामी युक्ती सुचली. सापळा! दोन वेळापत्रकं करायची. एक खरं, एक खोटं. खोटं खणात ठेवायचं, खरं घरी गादीखाली. खोट्यात एक ढळढळीत चूक मुद्दाम घालायची: उद्घाटनाच्या सामन्यात दोन्ही संघ पाहुणे. निळ्यांच्या पानावर लिहायचं, पिवळ्यांच्या मैदानावर जा. पिवळ्यांच्या पानावर लिहायचं, निळ्यांच्या मैदानावर जा. जो कोणी मला येऊन विचारेल की असं कसं, तो चोर. कारण चोरून वाचल्याशिवाय त्याला कळणारच नाही.

अडचण एकच. खोटंसुद्धा आठ संघांचं, चौदा आठवड्यांचं हवं. माझा वेळ मोलाचा.

२३ फेब्रुवारी, रविवार.
खोटं वेळापत्रक सौ.कडून करून घेतलं. म्हटलं, नावं कुठेही टाक, नुसतं भरलेलं दिसलं पाहिजे. ती मटार सोलत होती. टेबलावर मटाराचे दाणे मांडले, उचलले, पुन्हा मांडले आणि दोन तासांत मोकळी. मध्येच विचारलं, लांबच्या प्रवासानंतर पोरांना पुढचा सामना घरचा द्यायचा ना? वॉर्डातल्या मुलींना ती रात्रपाळीनंतर सुट्टी द्यायची तसं. मी म्हटलं, दे बाई, खोटंच आहे.

मग मी माझी चूक घातली. फक्त तेवढी एक माझी. बाकी सगळं मटाराचं.

१ मार्च, शनिवार.
आज दूरदृष्टीची कमाल केली. खोट्या फाईलवर लाल अक्षरांत 'अस्सल' लिहिलं. खऱ्याच्या प्रत्येक पानावर, भरलेल्या आणि अजून कोऱ्या असलेल्याही, 'रद्द' असा शिक्का मारला. चोर कितीही हुशार असो, रद्द कागदाला हात लावणार नाही. शिक्का मारताना हात भरून आला. एकूण छप्पन्न पानं.

८ मार्च, शनिवार.
खरं वेळापत्रक पूर्ण. उद्घाटन २३ मार्चला लाल संघाच्या मैदानावर. पुन्हा तपासलं नाही. तपासायला कागद बाहेर काढावे लागतात, आणि सौ. सारखी खोलीत येत-जात होती. कपडे ठेवायला, असं म्हणते.

११ मार्च, मंगळवार.
साहेबांनी वेळापत्रक मागितलं. म्हटलं, योग्य वेळी मिळेल. म्हणाले, बारा दिवस राहिलेत. म्हटलं, तेच तर. एवढी घाई यांना कशाची? संशयितांच्या यादीत साहेबांचंही नाव घातलं. यादी आता अशी: मार्केटिंगवाली, गोलकीपर, साहेब, टायरवाला.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी सव्वादोन.
फाईल गेली!! खण रिकामा! आनंदाने दोन कप चहा प्यायलो. कोणाला काही बोललो नाही, ताकास तूर लागू दिली नाही. खणाची दुसरी किल्ली फक्त साहेबांकडे असते. साहेबांची किल्ली कोणी लांबवली असेल?

१५ मार्च, शनिवार.
चोर सापडला. मार्केटिंगवाली! सकाळी माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, काका, पहिल्या सामन्यात दोन्ही संघ पाहुणे झालेत, बघता का एकदा? डोळ्यांत केवढी काळजी! मी थंडपणे म्हणालो, लिहिलंय ते विचार करूनच लिहिलंय. ती म्हणाली, पण मग सामना होणार कुठे? मी म्हणालो, ज्याला कळायचं त्याला कळेल. ती गेली. चेहरा पडला होता. गुन्हेगाराचा पडतोच.

साहेबांना सांगावं म्हणून उठलो. पण काचेपलीकडे तीच साहेबांशी बोलत होती. दोघं सामील. पुन्हा खाली बसलो.

१७ मार्च, सोमवार.
आठ दिवसांची रजा टाकली. साहेबांनी लगेच मंजूर केली, म्हणाले, अवश्य, हवी तर जास्त घ्या. पाणी मुरतंय.

खऱ्या वेळापत्रकाच्या पानांचे आठ गठ्ठे करून आठही संघांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. पोस्टात फितूर असेल म्हणून लिफाफ्यावर लीगचं नाव नाही. पाठवणाऱ्याचं नावही गुळमुळीत लिहिलं. पत्राखाली सही नाही. फक्त एक ओळ: 'गोपनीय. वाचून लगेच नष्ट करावे.' माझ्यापुरती कार्बन कॉपी गादीखाली.

आता लीगला कोणी हात लावू शकत नाही. अकरा वर्षांनी मन शांत झालं.

१९ मार्च, बुधवार.
भाजी आणायला गेलो तर चौकात भलंमोठं पोस्टर. उद्घाटन २३ मार्च, निळ्या संघाचं मैदान, निळे विरुद्ध पिवळे. खूप हसलो. चोरलेल्या खोट्या कागदावरून पोस्टर छापलं! बसथांब्यावर तेच. टायरच्या दुकानावर तेच, म्हणजे टायरवाला नक्की सामील. बिचारे, खर्च किती आला असेल.

२० मार्च, गुरुवार.
साहेबांचे दोन फोन आले, घेतले नाहीत. संध्याकाळी सौ. स्वयंपाकघरात दार लोटून फोनवर हळू आवाजात बोलत होती. 'बरं झालं, निळ्यांना घरीच ठेवलंस' असं काहीतरी ऐकू आलं. विचारलं तर म्हणाली, बहिणीशी निळ्या पडद्यांबद्दल बोलत होते. बहिणीकडचे पडदे तपकिरी आहेत.

पस्तीस वर्षांचा संसार. यादीत नाव लिहिलं नाही. पण जागा सोडून ठेवली.

२३ मार्च, रविवार. दुपारी चार.
लाल संघाच्या मैदानावरून लिहितोय. सामना साडेतीनचा. अजून कोणी नाही. एक माणूस पाइपाने गवताला पाणी घालतोय. त्याला विचारलं, लीगचं उद्घाटन इथेच ना? म्हणाला, इथे आज फक्त पाणी. कुंपणाशी एक म्हैस.

दुपारी साडेचार.
संपलं. चौथीही बुडाली. ना संघ, ना पंच, ना चेंडू. घातपात करणाऱ्याने माझं पोस्टसुद्धा अडवलं. वाईट वाटतंय हे खरं, पण त्याहून जास्त बरं वाटतंय. आता तरी जगाला पटेल की दोष माझा नव्हता. साहेबांना काय म्हणायचं ते बसमध्ये ठरवलं: मी सावध केलं होतं. (केलं नव्हतं. पण करणार होतो.)

संध्याकाळी सात.
घरी आलो. सौ. टीव्हीसमोर. निळ्यांचं मैदान, बसायला जागा नाही इतकी माणसं. निळे मैदानात, पिवळे मैदानात, चेंडू मैदानात. सामन्याचे क्षण पुन्हा दाखवत होते. निळे दोन, पिवळे दोन. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. सौ. म्हणाली, अहो, कुठे होता, किती छान झालं. मी म्हणालो, कामावर.

जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं.

२४ मार्च, सोमवार.
साहेबांचा फोन, यावेळी घेतला. फार खूश. म्हणाले, तुमच्या हातून असं वेळापत्रक होईल असं वाटलं नव्हतं. आठही प्रशिक्षक खूश आहेत. लांबच्या प्रवासानंतर प्रत्येकाला घरचा सामना, हे आजवर कोणाला सुचलं नव्हतं. एकच किरकोळ चूक होती, ती वेळेत दुरुस्त झाली. फाईल त्यांनीच खणातून काढून घेतली होती, सांगेन सांगेन म्हणत मला सांगायचं विसरले. वर 'अस्सल' लिहिलेलं असल्यामुळे शोधावं लागलं नाही. जाता जाता म्हणाले, कोणीतरी वेडा माणूस संघांना रद्द कागद पाठवतोय, सांभाळून राहा. पत्रात सांगितल्याप्रमाणे संघांनी ते नष्ट केलेत.

मी म्हणालो, राहतो.

यादी फाडली. मग तुकडे जोडून पुन्हा वाचली. टायरवाल्यावरचा संशय अजून पुरता गेलेला नाही.

२६ मार्च, बुधवार. सकाळी दहा.
ठरवलं की गादीखालचं खरं वेळापत्रक काढायचं, छापून आलेल्या मटाराच्या वेळापत्रकाशेजारी ठेवायचं आणि आपलं किती सरस आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. सौ. बाजारात गेल्यावर काढलं.

दुसरा आठवडा उत्तम. तिसऱ्या रविवारी लाल संघ दोन मैदानांवर. एक सामना घरी, एक पाच तासांच्या प्रवासावर. दोन्ही साडेतीनला.

कोणीतरी फेरफार केलाय!

सकाळी अकरा.
कागद गादीखाली होते. गादीवर मी होतो. खोडाखोड नाही. भिंग आणून अक्षर पाहिलं. सौ.चं अक्षर गोल असतं. गोलकीपरचं तिरकं. हे माझं आहे. सातव्या आठवड्यात पांढऱ्यांचाही तोच प्रकार. तेही माझंच अक्षर.

हे वेळापत्रक संघांनी पाळलं असतं तर लीग तिसऱ्या रविवारी बंद पडली असती. गोलकीपरला पुन्हा खेळ सोडावा लागला नसता, कारण त्याने तो आधीच सोडलाय. माझ्यामुळे. एवढं लिहून पेन खाली ठेवतोय.

२७ मार्च, गुरुवार.
सौ.ला सगळं सांगितलं. सापळा, शिक्का, पोस्ट, मैदान, म्हैस. मधे एकदा तिने तोंडावर पदर धरला, रडते की काय वाटलं. हसत होती. मग म्हणाली, तिला ठाऊक होतं. मार्केटिंगवालीने माझ्याशी बोलून काही होईना म्हणून घरी फोन केला होता, ती दुरुस्ती सौ.ने सांगितली. वेळापत्रक कोणाचं हे तिने साहेबांना सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं. म्हणाली, तुम्ही पहिल्यांदाच सुखाने झोपत होता.

ऑफिसला गेलो आणि साहेबांना स्वतः सांगितलं. नाक मुठीत धरून सांगितलं. साहेबांनी उठून पंखा वाढवला. मग पुढच्या हंगामाचं काम त्यांनी सौ.ला दिलं. बाहेर येताना गोलकीपरच्या टेबलाशी थांबलो आणि त्या नऊ सामन्यांबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, बसा, चहा सांगतो. चहात काही नव्हतं, चांगला होता.

३० मार्च, रविवार. सकाळी नऊ.
सौ.ने पुढच्या हंगामाचं काम सुरू केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दार उघडं ठेवून. येणारा-जाणारा बघू शकतो. शेजारीण तर उभी राहून बघून गेली. मी दार लोटलं नाही.

मदतीला बसू का म्हणून विचारलं. बसा म्हणाली. नावं लिहायचं काम दिलेलं नाही. पट्टी आणि पेन्सिल दिली आहे, रकाने आखायला. बारा पानं आखून झाली. सौ.ने तपासली. दोन परत आखायला सांगितली आहेत.