या, आमचा मीटर तपासा

१ जानेवारी
संकल्प: या वर्षी वीज कंपनीला वठणीवर आणणे. मागचे संकल्प (चालणे, कन्नड टायपिंग, विम्याचं कन्सल्टिंग सुरू करणे) फुटकळ होते, म्हणून सुटले. हा राष्ट्रीय आहे.

बिल आलं. वाचून डोकंच फिरलं. अख्ख्या म्हैसुरात वीज विकणारी कंपनी एकच. पटली नाही तर दुसरीकडे जायची सोय नाही. सिम बदलता येतं, दूधवाला बदलता येतो, आमच्या सेकंड क्रॉस गल्लीतल्या शंभूरावांनी तर गुरूही बदलला. वीज मात्र जन्मोजन्मी हीच! तारा एकच राहू द्या, विकणारे चार असू द्या. झक मारत दर खाली येतील. इतकं साधं आहे. कोणाला सुचलं नाही, मला सुचलं.

४ जानेवारी
समोरच्या रणोजीरावांना चळवळीचं उपाध्यक्षपद देऊ केलं. म्हणाले, आमचं बिल सोन्ने. म्हणजे शून्य. महिन्याला दोनशे युनिटांच्या आत राहिलात तर सरकार बिल भरतं, हे मला कन्नडमध्ये, मग मराठीत, मग पुन्हा कन्नडमध्ये समजावत बसले. मला काय माहीत नाही? आम्ही तीन माणसं आणि दोनशेच्या कितीतरी वर जातो, हाच तर मुद्दा आहे. अर्थ एकच. मीटर पळतो.

रक्षिता (कन्या, इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष) एवढंच म्हणाली, अप्पा, ग्राइंडर. तिची आई पुष्पावती हौसेखातर दोशाचं पीठ वाटून गल्लीत विकते. मागच्या व्हरांड्यात एक मोठा ग्राइंडर, एक बदली ग्राइंडर, दोन फ्रिज. हौसेला असे किती युनिट लागणार? कॉलेजची फी पिठातून जाते असं पुष्पावतीचं म्हणणं. प्लॅनिंग माझं असतं, हे ती कोणाला सांगत नाही.

१५ जानेवारी, संक्रांत
मास्टरस्ट्रोक. रक्षिता घरोघरी एळ्ळू-बेल्ल वाटायला जाते. तिळगुळाच्या ताटाबरोबर सह्यांचा कागदही दिला.

संध्याकाळी. ताट रिकामं, कागद जवळजवळ कोरा. प्रत्येक घरातून एकच चौकशी, गुरुवारी पीठ आहे ना? तीळ खाल्ले, गूळ खाल्ला, ऊस ठेवून घेतला, सही मात्र उद्या. या फुकट्या वृत्तीनेच देश बुडणार.

२३ जानेवारी
आता थेट हल्ला. कंपनीला ऑनलाइन अर्ज ठोकला. मीटर तपासा, घर तपासा, कानाकोपरा तपासा, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. शेवटचं वाक्य लाल अक्षरांत. शिवाय सहा मार्चला वीज आयोगाची जाहीर सुनावणी आहे, तिथेही नाव नोंदवलं. पाच मिनिटं देतात. मला तीन पुरतील, दोन टाळ्यांना.

अर्ज पाठवण्याआधी पुष्पावतीला वाचून दाखवला होता. म्हणाली, बेड, नको हं, सुम्ने, उगाच कशाला बोलावताय त्यांना घरात? व्यापक दृष्टीच नाही. पाठवला.

२ फेब्रुवारी, सकाळी ११
कंपनीच्या इंजिनिअर वनजाबाई आल्या. साक्षीदार म्हणून रणोजीराव आणि त्यांच्या जयलक्ष्मीबाईंना बोलावून खुर्च्या दिल्या आहेत. आज सोक्षमोक्ष.

दुपारी १
मीटर बरोबर निघाला. मिलीभगत! मग बाई म्हणाल्या, कानाकोपराही बघायला सांगितलंय ना, आणि मागच्या व्हरांड्यात शिरल्या. नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराशी पाच-सहा बायका स्टीलचे डबे घेऊन उभ्या. बाईंनी विचारलं, हे घर आहे की हॉटेल? घरगुती जोडणीवर धंदा करता म्हणून दंड. धंद्यासाठी वेगळा मीटर बसेपर्यंत मोठ्या ग्राइंडरला सील. मी खडसावून विचारलं, तुम्हाला घरात शिरायचा अधिकार कोणी दिला? त्यांनी माझाच अर्ज दाखवला. लाल अक्षरं चांगली उठून दिसत होती.

३ फेब्रुवारी
पुष्पावती माझ्याशी बोलत नाही. फीची शेवटची तारीख दहा मार्च, असं रक्षिताला सांगितलं. रक्षिता शेजारीच होती, आवाज मात्र माझ्यापर्यंत यावा एवढा.

रागाने लिहवत नाही. एका बाईचं पीठ बंद पाडून कंपनीला काय मिळालं? चार कंपन्या असत्या तर झाली असती ही हिंमत? व्हरांड्यात आता बदली ग्राइंडरही दिसत नाही. तोही उचलून नेला वाटतं. चोर लेकाचे.

११ फेब्रुवारी
घात! जयलक्ष्मीबाई पीठ विकू लागल्या! तेही घरच्या सोन्नेवाल्या मीटरवर! साक्षीला बसवलं तर धंदा हेरून गेल्या. सगळी गल्ली डबे घेऊन त्यांच्या दारात. लाजलज्जा कशी ती नाही.

स्पर्धा हवी, हे मीच सांगत आलोय. पण स्पर्धा म्हणजे कोणीही उठावं आणि समोरच्या घरात दुकान मांडावं असं नव्हे. बाजाराला काही शिस्त असते.

पुष्पावतीने फार मनाला लावून घेतलंय. रोज पहाटे देवळात जाते ती दहाला परतते. हातांना उडदाचा वास. प्रसादाला वडे असावेत.

४ मार्च
नवं बिल. शून्य! रक्षिताने सरकारी योजनेत नाव कधीच घालून ठेवलं होतं म्हणे, या महिन्यात युनिट दोनशेच्या आत आले. सुनावणी परवावर, आणि नेमकं आत्ता शून्य? मला गप्प बसवायचा डाव आहे. मी बसणार नाही.

६ मार्च, दुपारी ३
सुनावणी झाली. भाषण नऊ पानी होतं. दारातल्या टेबलावर ताजं बिल मागितलं. तिथल्या माणसाने ते बघून माझं अभिनंदन केलं. तरी उभा राहिलो. म्हटलं, घरगुती विजेचे दर परवडत नाहीत. अध्यक्षांनी बिल हातात घेऊन विचारलं, शून्याच्या खाली किती आणू? हॉल हसला. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. म्हणाले, तत्त्व लेखी द्या. पुढचे कोण?

दुपारी ४
घरी येतो तर जयलक्ष्मीबाईंच्या दारात ही रांग! तिडीक गेली डोक्यात. तिथल्या तिथे कंपनीला अर्ज केला. समोरच्या घरात घरगुती मीटरवर राजरोस धंदा चालतो, कानाकोपरा तपासा. एरवी उत्तराला आठवडे लावतात. आज तासाभरात आलं, उद्या सकाळी दहाला येतो.

रात्री ८
पुष्पावती बोलली! आपणहून. गरम दोसा वाढला आणि समोर बसली. रक्षिताची फी आज भरली म्हणाली. मग म्हणाली, मी देवळात जात नव्हते, समोर जात होते. बदली ग्राइंडर जयलक्ष्मीकडे नेऊन ठेवलाय. पीठ माझंच, जागा आणि करंट तिचा, पैसे दोघींचे. तिने आसरा दिला नसता तर पोरीचं वर्ष गेलं असतं. धंद्याचा मीटर परवा बसतोय, मग सगळं घरी आणते. उद्या लग्नाची मोठी ऑर्डर आहे, तुम्हीपण या दहाला, डबे भरायला.

येतो म्हटलं.

रात्री ८.४०
अर्ज मागे घ्यायला कंपनीला फोन लावतोय. रांगेत माझा नंबर एकोणिसावा. एवढ्या मोठ्या शहराला एकच कंपनी आणि एकच फोन नंबर! हेच मी जानेवारीपासून ओरडतोय.

पुष्पावतीला अजून सांगितलेलं नाही.