चार्मच्या जास्तीच्या बॅरिऑनचा बंदोबस्त

३ मार्च
संकल्प: महिनाअखेर पेपर, जूनमध्ये पर्मनंट पोस्ट. स्पर्धेत शेजारच्या टेबलावरची बाई, म्हणजे कुणीच नाही. ती हीटरवर मोजे वाळत घालते. किळस येते.

काम सोपं. कोलायडरमध्ये प्रोटॉन आपटले की कणांचे झोत उडतात, त्यांना जेट म्हणतात. त्यातल्या चार्म नावाच्या क्वार्कला एकटं राहवत नाही. एक अँटीक्वार्क गाठला की मेसॉन, दोन क्वार्क गाठले की बॅरिऑन. पूर्वी दुसऱ्यांच्या प्रयोगात, इलेक्ट्रॉनच्या टकरीत बॅरिऑन थोडेच निघाले होते. आमच्याकडेही तेवढेच निघणार. मी नुसते मोजायचे.

९ मार्च, सकाळ
बॅरिऑन कितीतरी पट जास्त. डेटा घाण आहे. डिटेक्टरवाल्यांना मेलवर खडसावलं.

११ मार्च
डिटेक्टर ठणठणीत आहे, तुमचा प्रोग्रॅम तपासा, असं उत्तर. चोराच्या उलट्या बोंबा. प्रोग्रॅम तपासला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ मार्च
जास्त दिसतायत म्हणजे जास्तच असतील, असं बायको म्हणाली. तिचं कॉमर्स. वाद घातला नाही.

२० मार्च
सफाई सुरू. कुठला कण मोजायचा, त्या निवडीच्या अटी कडक केल्या. तरी मोरीतल्या झुरळांसारखे बॅरिऑन निघतातच. अटी आणखी कडक. शिसारी आली आहे.

२७ मार्च
जमलं. आकडा इलेक्ट्रॉनवाल्यांशी तंतोतंत जुळला. बराच डेटा गेला, पण उरला तो सोज्वळ. टाकलेलं मी बघू का, असं शेजारीण विचारत होती. खुशाल बघा म्हटलं. एकेकाला उकिरडे फुंकायची हौस असते.

माझा पेपर उद्या. फार तर परवा.

२ मे
पेपर तिचा आला. प्रोटॉनच्या टकरीत क्वार्कांची गर्दी असते, म्हणून चार्मला दोन जोडीदार हाताशी सापडतात आणि बॅरिऑन वाढतात, म्हणे. गर्दीत कुणी दोन लग्नं करतं का? शेवटी माझे आभार, 'डेटा दिल्याबद्दल'. आमच्या ग्रुपच्या प्रमुखांनी केक आणला. क्रीम शिळं. निषेध म्हणून दोन तुकडे खाल्ले.

१० जून
इंटरव्ह्यू. हे जास्तीचे बॅरिऑन तुम्हाला दिसलेच नाहीत का, असं प्रमुखांनी विचारलं. सगळ्यांत आधी मलाच दिसले, असं बाणेदारपणे सांगितलं. मग काय केलंत, असं विचारलं. काढून टाकले, म्हणालो. मी पाणी प्यायलो.

१७ जून
पोस्ट तिला. मला वर्षभर तिच्या हाताखाली ठेवलंय. काम: मी टाकलेले बॅरिऑन परत मोजणे.